लांडग्याचा दात

१

हरणाला भिणारा माणूस कुणी पाहिला नसेल. मी भितो, आणि वर मी गावचा लांडगेमार आहे. डाळज आणि पळसदेवच्या मधल्या माळावर ज्यानं लांडग्याचं बी म्हणून ठेवलं नाही, तो महिपती मीच. पाटलांनी चावडीपुढं माझ्या डोक्याला मानाचा फेटा बांधला. खळ्यावरची पहिली पाटी अजून माझ्या घरी येते. धनगर वाटेत भेटले की पोरांना सांगतात, पाया पडा. पोरं पाया पडतात आणि मला धरणीनं पोटात घ्यावंसं वाटतं.

सुरुवात निंबाच्या डहाळ्यापासून झाली.

माझी बायको सारजा बाळंत झाली तेव्हा उन्हाळा नुकता तापायला लागला होता. मुलगी झाली. आधीचा मुलगा सव्वा महिन्याचा होऊन गेला होता, म्हणून या खेपेला माझ्या आईनं, दगडाबाईनं, काही म्हणजे काही कमी पडू दिलं नाही. खोलीत शेगडी, शेगडीत ओवा, उशाखाली विळा आणि दाराला निंबाचा डहाळा. डहाळा रोज ताजा हवा, आणि तो बिरोबाच्या बनातलाच हवा. एरवी बनातली काडी मोडायची नाही, पण बाळंतिणीसाठी देवाची ना नसते. ते काम माझ्याकडे होतं.

पोरीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात लांडग्याचा दात बांधला. मोठ्यांच्या घरी वाघनख असतं, आमच्याकडे लांडगा. दात मीच काढून दिला होता, आणि देताना माझी छाती चांगली फुगली होती, हे कशाला लपवा.

एका सकाळी डहाळ्याला पानं नव्हती. नुसत्या काड्या लोंबत होत्या. वाऱ्यानं गळाली म्हणावं तर खाली एक पान नाही. शेळीनं खाल्ली म्हणावं तर आमच्याकडे शेळी नाही, आणि अंगणाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण. शिवाय डहाळा मी दाराच्या वर, तुळईच्या टोकाला बांधत असे. हात पुरता वर केल्याशिवाय तिथं पोचता येत नाही.

आई म्हणाली, खारीनं खाल्ली असतील. मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. दुसऱ्या दिवशी डहाळा अजून थोडा वर बांधला. सकाळी पुन्हा काड्याच होत्या, आणि या वेळी त्यांची टोकं ओली होती.

२

बिरोबाचं बन गावापासून हाकेच्या अंतरावर आहे. निंब, हिवर, खैर, बोरी, दोन-चार जुने पळस. त्या बनाचा एक नियम आमच्या आज्या-पणज्यापासून चालत आलेला. बनात जो शिरला तो देवाचा पाहुणा. त्याला हाकलायचं नाही, त्याच्यावर हात उचलायचा नाही. लांडगे होते तोवर हा नियम कुणाला जड गेला नाही, कारण हरणं बनात मुक्काम करतच नव्हती. लांडगा काही देवाचे नियम पाळत नाही. लांडगे संपले आणि बनात आपल्याला कुणी हात लावत नाही, हे हरणांना कळलं.

आधी एक कळप आला. मग कळपाचे कळप झाले. पाटील, आमचे हिंदुराव आबा, कौतुकानं म्हणायचे की बिरोबाची कृपा, म्हणून जनावर गावाच्या सावलीला बसतंय. लोक लेकरांना खांद्यावर घेऊन हरणं दाखवायला जायचे. मलाही बरं वाटायचं. लांडगे मारून मी ही शोभा आणली, असं लोक म्हणत आणि मी ऐकून घेत असे.

त्या सकाळी मी डहाळा आणायला गेलो आणि बहुतेक पहिल्यांदाच बन नीट पाहिलं. खालून आरपार दिसत होतं. या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाचा ओढा दिसायचा. सगळ्या झाडांची पानं खालून एका रेषेत कातरलेली. रेषेखाली तरवड नाही, बोराटी नाही, गवत तर मुळासकट गेलेलं. जमीन खळ्यासारखी टणक झाली होती. आणि रोपटं म्हणून एकही नव्हतं. बोरीचं नाही, खैराचं नाही, निंबाचं नाही. उगवलं की खाल्लं, असं कधीपासून चाललं होतं देव जाणे. गावात पाळणा हलणं बंद व्हावं आणि नुसती म्हातारी माणसं उरावीत, तसं ते बन झालं होतं.

पाखराचाही आवाज नव्हता. तितर, लाव्हे, चंडोल, सगळ्यांना अंडी घालायला आडोसा लागतो. आडोसा राहिला नव्हता. मी उभा होतो तिथं टिटवीचं फुटलेलं अंडं पडलं होतं. कवच कुणीतरी चाटून पुसून साफ केलेलं.

मी डहाळा मोडायला हात वर केला. हात पोचला नाही. टाचा उंचावल्या तरी पोचला नाही. गेल्या हप्त्यात हीच रेषा माझ्या छातीशी होती, हे मी बिरोबाची शपथ घेऊन सांगतो. मी खोडावर चढलो, डहाळा घेतला आणि उतरून पाहतो तर हरणं समोर उभी होती.

माणूस दिसला की हरीण पळतं. निदान कान तरी टवकारतं. ही नुसती उभी होती, चघळत. बनाच्या मधोमध एक जुना हिवर आहे. लांडगा मारला की त्याला गावातून वाजत गाजत मिरवायचं आणि मुंडकं त्या हिवराला टांगायचं, ही आमची रीत. माझी सगळी कमाई तिथं टांगलेली होती. ऊन-पावसानं मांस जाऊन पांढऱ्या कवट्या राहिल्या होत्या. त्या सकाळी हिवराला फक्त दोऱ्या लोंबत होत्या.

पुढची हरणी चघळत होती त्याचा आवाज आला. पाल्याचा आवाज मला माहीत आहे. हा तो नव्हता.

जमिनीत कस राहिला नाही की जनावर हाड चघळतं. दुष्काळात आमची ढवळी गाय चघळत होती, सगळ्या गावानं पाहिलं होतं. यात नवल काही नाही. मी हे स्वतःला सांगत सांगत घरी आलो. वाटेत चार वेळा मागं वळून पाहिलं, ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

३

घरी अंगण झाडायच्या आधी मी दाराखालची माती पाहिली. डहाळ्याच्या बरोबर खाली खुरांचे ठसे होते. दुभंगलेले, लहान, नाजूक म्हणावेत असे. दोनच. पुढच्या पायांचे ठसे कुठंच नव्हते. कुंपणापासून दारापर्यंतची माती कोरी होती.

मी पायानं माती सारखी केली. का केली? आईला दिसू नये म्हणून, असं मी म्हणेन. खरं कारण वेगळं आहे. लांडगेमाराच्या दारात हरणाचं खूर उमटलं आणि लांडगेमार भ्याला, हे कुणाला दिसू नये म्हणून.

सारजाला आधीच कळलं होतं. ती आत झोपलेली असायची, पण बाळंतिणीची झोप ती किती. तिनं मला जवळ बोलावलं आणि अगदी हळू विचारलं, "पहाटं दाराशी कोण चघळतंय वो?"

मी म्हणालो, गाय सुटली असेल.

"गाय न्हाय." ती पोरीकडं पाहत होती. "बनातली हरणं बाहीर काढा म्हनावं पाटलांना. तुमी सांगितलं तर आयकत्याल. तुमचा शबुद हाय गावात."

शब्द होता, हे खरंच होतं. म्हणून तर मी त्या संध्याकाळी चावडीवर गेलो. पाटील बसले होते, पाच-सहा जण होते, जोतीराम धनगर तंबाखू मळत होता. मला पाहून त्यांनी जागा केली. बारामतीकडं कालव्याच्या पाण्यावर ऊस कसा वाढतोय आणि आपल्याकडं कुसळसुद्धा का उगवत नाही, अशा गोष्टी चालल्या होत्या. कुसळ का उगवत नाही ते मी सांगू शकलो असतो. वाक्य तोंडात तयार होतं. तेवढ्यात पाटील हसून म्हणाले, आमचा महिपती हाय तवर गावाला कशाचं भ्या न्हाय.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

घरी सारजानं विचारलं, सांगितलं का? मी म्हणालो, सांगितलं, बघतो म्हणाले. तिनं सुस्कारा सोडला आणि पोरीला पदराखाली घेतलं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. मी त्या रात्री भाकरी खाल्ली नाही, पोट बिघडलंय म्हणालो. एकदा खोटं बोललं की दुसरं सोपं जातं.

४

पुढचं भर दुपारी झालं. लोक म्हणतात, अंधारात माणसाला काहीबाही दिसतं. माझ्या बाबतीत तेवढीही सोय नाही.

आई शेजारी गेली होती. गाव उन्हानं गप्प झालेलं. मी रानातून पाणी प्यायला घरी आलो. हातात भाला होता, कारण अलीकडं मी भाल्याशिवाय बाहेर पडत नव्हतो आणि लोकांना वाटायचं, मी लांडगा शोधतोय. कुंपणाचं काटेरी कवाड लावलेलं होतं. खोलीचं दार मात्र लोटलेलं नव्हतं. सारजा परसात लुगडं धूत होती, धुण्याचा आवाज येत होता.

आत दुसरा आवाज होता.

आमचं घर माळवदाचं आहे, भिंती जाड. उन्हातून आलं की आत डोळ्यांना काही दिसत नाही. छताच्या सवण्यातून, त्या बारक्या झरोक्यातून, उजेडाचा एक पट्टा जमिनीवर पडतो, तेवढाच. पट्ट्याच्या पलीकडं तुळईला बांधलेली झोळी होती, आणि झोळीत पोरगी. झोळी हलत होती. कुणीतरी आईच्या सवयीनं हलवावी तशी, संथ.

झोळीवर काहीतरी वाकलेलं होतं. उंच होतं, मान लांब होती. माणसासारखं उभं होतं असं मी म्हणणार नाही, कारण मला नीट दिसलं नाही. खरं सांगायचं तर मी नीट पाहिलं नाही. सवण्याच्या पट्ट्यात त्याचा फक्त जबडा येत होता आणि जात होता. जबडा आडवा फिरत होता, डावीकडून उजवीकडं, सावकाश, काहीतरी कडक दाताखाली धरून. पोरगी रडत नव्हती. ती हुंकार देत होती, पोट भरल्यावर देते तशी.

माझ्या हातात भाला होता. झोळी चार पावलांवर असेल. लांडगीच्या बिळात मी डोकं घालून शिरलेला माणूस आहे, ती आत गुरगुरत असताना. आणि मी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिलो. पाय उचलला गेला नाही. हाक मारता आली नाही. शेवटी मी डोळे मिटून घेतले.

परसदार वाजलं. सारजाच्या बांगड्या वाजल्या. शिवी नाही, ओरडणं नाही, कशावर तरी बसलेला घाव ऐकू आला, मग माझ्या अगदी जवळून, बाहीला घासून, गरम वाऱ्यासारखं काहीतरी गेलं. त्याला ओल्या पाल्याचा वास होता.

मी डोळे उघडले तेव्हा सारजा पोरीला छातीशी धरून खाली बसली होती. हातात धुण्याचा दांडका होता. पोरीच्या गळ्यात दोरा होता, ओला आणि चावलेला. दात नव्हता. गळ्याभोवती कातडी लाल झाली होती, खरबरीत जिभेनं खूप वेळ चाटल्यासारखी. आणि मानेमागचं जावळ गेलं होतं, अगदी मुळापासून, एका रेषेत.

सारजानं पदरानं पोरीचा गळा पुसला. मग माझ्याकडं न पाहता म्हणाली, "तुमी दारातच हुता न्हवं?"

"व्हय."

तिनं लुगड्याच्या धडप्यात पोरीची मान गुंडाळली, आणि पुन्हा पुन्हा गुंडाळत राहिली.

५

त्या संध्याकाळी मी चावडीवर गेलो ते फेटा बांधून गेलो. काढून ठेवायला डोक्यावर तर हवा.

गावात वेगळीच गडबड होती. जोतीरामनं लोणी देवकरच्या वाटेवरच्या ओढ्यात लांडग्याचा माग पाहिला होता. एकच जनावर, कुठून तरी लांबून आलेलं. पाटील माझीच वाट पाहत होते. म्हणाले, हा शेवटचा, महिपती, हा घेतलास की तुझं नाव चावडीच्या भिंतीवर कोरतो.

मी फेटा काढून त्यांच्यापुढं ठेवला.

"आबा, लांडगा ऱ्हाऊ द्या," मी म्हणालो. "हरणं बनातनं काढा. देवाचा नेम मोडला तर पाप माज्या माथ्यावर. मला त्या हरणांचं भ्या वाटतंय."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, कळलं. मग कुणीतरी फिसकन हसलं आणि अख्खी चावडी हसायला लागली. पाटील सगळ्यांत जास्त वेळ हसले. ते वाईट हसत नव्हते, मायेनं हसत होते, आणि तेच मला सोसवलं नाही. त्यांनी डोळे पुसले, फेटा उचलून पुन्हा माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "लई झ्याक. आता जा आन् काम करून ये."

पोरीच्या गळ्याचं मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. ते सांगायचं तर मी कुठं उभा होतो तेही सांगावं लागलं असतं.

म्हणून उजाडता उजाडता मी ओढ्यावर गेलो. भाला घेतला होता, पण लांडग्यासाठी नव्हे. मला तो जिवंत हवा होता. असं काही मी माझ्या जन्मात इच्छिलं नव्हतं. वाळूत माग स्वच्छ होता. मोठा नर असावा, मागचा एक पाय जरा ओढत चाललेला. मी मागावर चालत राहिलो. थोडं पुढं गेल्यावर वाळूत आणखी ठसे मिसळले. लांडग्याच्या प्रत्येक पंजावर एक खूर उमटलेलं होतं. बरोबर पंजावर, इकडं नाही, तिकडं नाही. एका हरणाचं नव्हे. कळपच्या कळप त्याच्या मागून चालत गेला होता, त्याच्याच पावलांत पाऊल ठेवून. घाईचं कुठंच काही दिसत नव्हतं.

लांडग्याची पावलं पुढं लांब लांब पडत गेली होती. तो पळत होता.

ओढ्याच्या वळणापलीकडं मी गेलो नाही. तिकडून चघळण्याचा आवाज येत होता.

मी गावात येऊन सांगितलं की तो माग कुत्र्याचा होता. जोतीराम माझ्याकडं बघत राहिला, पण लांडगेमाराला खोटं कोण पाडणार.

६

सारजाला, पोरीला आणि आईला मी सारजाच्या माहेरी पाठवायचं ठरवलं. ते बारामतीच्या बाजूला आहे, कालव्याच्या पाण्यावर. तिथं ऊस दाट उभा आहे, बांधावर गवत आहे, निंबाची रोपं लोक उपटून टाकतात इतकी उगवतात. आईला वाटलं, मी उन्हाळ्याच्या झळांमुळं पाठवतोय. सारजा गाठोडं बांधायला लागली.

बैलगाडी जुंपायच्या आधी मी घर धुंडाळलं. शिकारीची आठवण म्हणून ठेवलेलं लांडग्याचं कातडं होतं, नखं होती. कातडं जाळलं. नखं विहिरीत टाकली. कोनाड्यात चिंधीत बांधलेला एक दात सापडला, शेवटचा. तोही विहिरीत टाकणार होतो. मग सुचलं की विहिरीतल्या दाताचा माग कुणी काढत येणार नाही. हरणांना घरी काही मिळालं नाही तर ती बारामतीच्या रस्त्याला लागतील. जिच्या गळ्याला दाताचा वास लागलेला आहे ती पोरगी त्या रस्त्यानं जाणार होती.

मी दोरा घेतला आणि दात माझ्या गळ्यात बांधला.

सारजा गाडीत बसली होती. पोरगी मांडीवर झोपलेली, मानेभोवती धडपं. मी जवळ गेलो तेव्हा तिची नजर माझ्या गळ्यावर पडली. त्या दुपारनंतर पहिल्यांदाच तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला मान खाली घालावीशी वाटली, पण मी घातली नाही.

"कवा येनार?" तिनं विचारलं.

"येतो की. रान आवरून येतो."

गाडीवानानं बैल हाकले. ती गाडीच्या मागच्या कडेशी सरकली आणि म्हणाली, "दार लावून घ्या."

मी म्हणालो, व्हय.

आता दुपार झाली आहे. गाडी डाळजच्या पुढं गेली असेल. मी खोलीत बसलो आहे, रिकाम्या झोळीखाली. सवण्यातून उजेडाचा पट्टा पडला आहे. डहाळा बांधलेला नाही. भाला बाहेर भिंतीला टेकवून ठेवला आहे, कारण तो हाताशी असला काय आणि नसला काय, सारखंच, ते मला ठाऊक आहे. माझ्या मनातली भीती काही गेलेली नाही.

अंगणात माती हळूच दाबली जातेय. कुंपण हललेलं नाही.

दार मी लावलेलं नाही.